नांगराचा दोर नर्मदेला गेला

मित्रांनो, मला एकदा हातात घेऊन पाहा. घाबरू नका, फार टोचत नाही. माझा रंग पूर्वी गर्द हिरवा होता, आता शेवाळ्यासारखा झालाय. अंगातून जागोजागी बारीक केस निघाले आहेत. मी एक जुना दोर आहे, मासेमारीच्या होडीच्या नांगराचा. जन्मभर खाऱ्या पाण्यात राहायचं, एवढंच माझ्या नशिबी होतं असं मला वाटायचं. पण मी वज्रेश्वरीच्या गरम कुंडात शेकून निघालो आहे, गोदावरीत बुडी मारली आहे, आणि नर्मदेत तर... थांबा. नर्मदेचं सांगायची मला इतकी घाई झाली आहे की सुरुवातच राहून जाईल.

माझा जन्म कारखान्यात झाला. प्लॅस्टिकच्या बारीक धाग्यांचे तीन पदर केले आणि तिन्हींना मिळून घट्ट पीळ दिला. पीळ बसताना अंग असं आवळून येतं की नको तो जन्म वाटतं. पण त्या पिळातच आमचं बळ असतं. वसईच्या बाजारात एका दुकानाबाहेर मी वेटोळं घालून बसलो होतो. तिथे पाचूबंदरच्या कोळीवाड्यातला पास्कल आला. त्याने माझं टोक दातांखाली दाबून पाहिलं, दोन्ही हातांनी ताणलं आणि दुकानदाराला म्हणाला, "हाच द्या." त्या दोन शब्दांनी मी किती फुगलो म्हणून सांगू!

मग सुरू झाली माझी नोकरी. वसईच्या किल्ल्याकडे पाठ करून होडी खोल पाण्यात जायची. पास्कल नांगर टाकायचा आणि मी सरसर समुद्रात उतरायचो. वर होडी, खाली नांगर आणि मधे मी. वाऱ्याने होडी ओढ घ्यायची तेव्हा माझे तिन्ही पदर कुरकुरायचे. पण मी सोडलं नाही, एकदाही नाही. बंदरावर परत आलं की पास्कल मला गोड्या पाण्याने धुवायचा, सावलीत पसरायचा. मासळीच्या लिलावाच्या गलक्यातही कोणी माझ्यावरून टोपली ओढली तर ओरडायचा, "ए, दोर हाय तो! भाऊ हाय माजा!"

पुढे मासळी कमी कमी होत गेली. पास्कलने होडी विकली आणि प्रवासी व्हॅन घेतली. होडी घेणाऱ्याने स्वतःचा नवा दोर आणला होता. मी परसात येऊन पडलो. पास्कलची बायको इझाबेल हिने मला कुंपणाला गुंडाळून ठेवलं. कोंबड्या माझ्यावर बसू लागल्या. दिवसभर ऊन. मित्रांनो, समुद्राचं मीठ आम्हाला तितकं खात नाही जितकं ऊन खातं. बाहेरून कळत नाही, आत पदर वाळत जातात. पास्कल रोज सकाळी व्हॅन पुसायचा, आरशाला टांगलेल्या रोझरीच्या माळेला बोट लावायचा, क्रूसाची खूण करायचा आणि निघून जायचा. माझ्याकडे त्याचं लक्ष नसायचं. रागावू तरी कसा? मी काही कामाचाच उरलो नव्हतो.

त्याच व्हॅनमध्ये विरारच्या फुलपाड्यातले प्रल्हादकाका बसायचे. काका मूळचे वाईचे. त्यांचं लहानपण कृष्णेच्या डोहात पोहण्यात गेलं होतं. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर आपण आणि बायकोने मिळून एकेक नदी गाठायची, देव बघायचे, मनसोक्त डुंबायचं, असा त्यांचा बेत होता. आणि निवृत्त होऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं, तोच अर्धांगवायूचा झटका आला. डावा हात लुळा पडला, डावा पाय फरफटू लागला. त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती, पण व्यायाम सुटला नव्हता. पास्कल त्यांना व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचा, आणायचा. बरोबर वसुंधराकाकू असायच्या. औषधांची पिशवी त्यांच्या खांद्यावर आणि काकांचा कोपर त्यांच्या हातात.

काकांनी नदीचं नाव काढलं की घरात सगळे विषय बदलायचे. त्यांचा मुलगा कौस्तुभ समजावायचा, "बाबा, बालदीत थोडं गंगाजल टाका आणि घरीच आंघोळ करा. पुण्य तेवढंच."

"पुण्य कोणाला हवंय?" काका म्हणायचे. "मला नदी हवीय."

हे सगळं काकांनी एकदा गाडीत बोलून दाखवलं. पास्कलने व्हॅन कडेला घेतली आणि मागे वळून म्हणाला, "काका, माज्याकडं दोर हाय."

काकू उसळल्या. "दोर? गुराला बांधतात तसं माणसाला बांधणार?"

"गुरासारखं नाय, काकी. होडीसारखं."

काकूंना पाण्याची मुळातच धास्ती. चिपळूणला लहानपणी त्यांनी पुराचं पाणी घरात शिरताना पाहिलं होतं. शेवटी म्हणाल्या, "ठीक आहे. पण दुसरं टोक माझ्या हातात राहील. दुसऱ्या कोणाच्या नाही."

त्या संध्याकाळी पास्कलने मला कुंपणावरून सोडवलं. कोंबड्या फडफडत पळाल्या. त्याने मला बादलीत बुडवलं, चोळून चोळून धुतलं, आणि मला इतका आनंद झाला की माझ्या अंगातून गाळ निघतोय की अश्रू, ते माझं मलाच कळेना.

पहिली फेरी जवळचीच, वज्रेश्वरीची. शिरसाड फाट्यावरून आत वळलो. चांदीप गावाकडची हिरवीगार भातशेती मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. होडीवरच्या दोराला शेत कुठून दिसणार? व्हॅनच्या टपावर सामान बांधून मी वारा खात होतो. देवीच्या पायऱ्या काका एकेक करून चढले. खाली गरम पाण्याच्या कुंडापाशी पास्कलने मला त्यांच्या कमरेला बांधलं. "ह्या गाठीला फास नाय बसत, काका. कितीबी ताना." मग तो काकांच्या शेजारी पाण्यात उतरला. काठावर काकू माझं टोक मुठीत घट्ट धरून उभ्या होत्या, जणू पतंग उडवताहेत आणि तो कटणारच आहे.

मित्रांनो, ते पाणी! गंधकाचा वास आणि असं कढत की माझे पदर सैलावले. काकांनी नाक धरलं आणि गडप झाले. काकू किंचाळल्या. काका वर आले ते हसतच. पांढरे केस कपाळाला चिकटलेले, तोंडातून पाणी उडवताहेत. "वसू! वसू, आत पाय लागतात गं!"

झालं, मग काय विचारता! पुढच्या महिन्यात नाशिक. रामकुंडावर ही गर्दी! टोपल्यांतले दिवे, न्हाव्यांची धांदल, ओल्या धोतरांचा चिखल. काकांनी बुडी मारली आणि त्यांच्या मागे अनोळखी म्हाताऱ्या मला धरून एकेक पायरी उतरू लागल्या. एक म्हणाली, "बाई, तुमचा दोर जरा असाच राहू द्या." काकू ऐटीत म्हणाल्या, "धरा, धरा. समुद्राचा आहे." त्या दिवशी काकूंच्या तोंडून माझं कौतुक मी पहिल्यांदा ऐकलं.

मग गंमत झाली. कपालेश्वराच्या दर्शनाला जायच्या घाईत मला सोडायचंच राहून गेलं. काकांनी सदरा चढवला आणि मी आत कमरेला तसाच. उरलेलं माझं वेटोळं त्यांनी पिशवीत कोंबलं. गाभाऱ्यापाशी वाकताना सदरा वर सरकला. पुजारी बघतच राहिले. "आजोबा, हे काय?"

"आमचा करगोटा," काका गंभीरपणे म्हणाले. "घराण्यात जरा जाडच घालतात."

पुजारी पोट धरून हसले आणि त्यांनी माझ्यावरही तीर्थ शिंपडलं. त्या देवळात महादेवापुढे नंदी नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे ना? त्या मोकळ्या जागेवरून मी महादेवाला अगदी समोरून पाहिलं. एरवी मी आणि पास्कल देवळाबाहेर, तो चपला राखायला आणि मी टपावर. आत काय असतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं, आणि आता मला कळलं तर ते त्याला सांगता येत नव्हतं!

या सगळ्यात एक गोष्ट मात्र कोणाच्याच ध्यानात आली नाही. टपावरच्या लोखंडी पट्टीला मी नेहमी एकाच जागी वेढला जायचो. पट्टीची कडा धारदार होती. दर खड्ड्याला ती मला थोडी थोडी घासत होती. आधीच उन्हाने वाळलेला माझा एक पदर तिथे झिजत चालला होता. पूर्वी पास्कल होडीच्या प्रत्येक फेरीआधी माझ्यावरून बोटं फिरवायचा. आता गाडीचं हवापाणी, टोल, नाश्त्याची सोय यात ते राहून जायचं. मला कळत होतं. पण दोराला ओरडता येत नाही.

दिवाळी झाली आणि आम्ही नर्मदेला निघालो. कौस्तुभची मुलगी ऋतिका यंदाच नोकरीला लागली होती. तिने रजा काढली. "आजी, तुमचा तो फेमस दोर मला लाइव्ह बघायचाय," म्हणाली. ओंकारेश्वराचं दर्शन झालं. झुलत्या पुलावरून काकांना सावकाश पलीकडे नेलं. तिथल्या घाटावर फार गर्दी होती म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नदीच्या काठाकाठाने खाली एका लहान गावच्या घाटावर आलो. दगडी पायऱ्या, वर शंकराचं लहानसं देऊळ, पायऱ्यांच्या कडेला होड्या बांधायचा जुना दगडी खांब. आणि समोर नर्मदा. वरच्या अंगाला अवेळी पाऊस झाला होता म्हणे. पाणी गढूळ होतं आणि काठाला ओरबाडत चाललं होतं.

पास्कलने पाण्यात हात घातला आणि भुवया आक्रसल्या. "पानी खेचतंय, काका. आज पायरीवरच बसून."

"तू आहेस ना शेजारी?"

"हाय. पन आज पायरीवरच."

त्याने मला काकांच्या कमरेला बांधलं, खांबाभोवती वेढे दिले आणि टोक काकूंच्या हाती दिलं. एवढ्यात वरून ट्रॅक्टरवाला हॉर्न मारायला लागला. आमच्या व्हॅनने त्याची वाट अडवली होती. "आलोच. हलू नका," म्हणून पास्कल पायऱ्या चढून गेला.

काका पायरीवर कमरेइतक्या पाण्यात बसले होते. डोळे मिटून उजव्या हातानेच अर्घ्य देत होते. ऋतिका त्यांचा फोटो काढत होती. आमच्यापासून थोडं प्रवाहाच्या वरच्या बाजूला एक म्हातारी बाई पाण्याशी वाकली होती. पांढरं लुगडं, गळ्यात झोळी, बाजूला काठी. नर्मदेची पायी परिक्रमा करणारी होती. बाटलीत पाणी भरत होती. तिच्या पायाखालचा दगड शेवाळलेला असावा. आवाजसुद्धा झाला नाही. बाई होती आणि नव्हती.

"आजोबा!" ऋतिका ओरडली.

काकांनी डोळे उघडले. पांढरं लुगडं फुगून पाण्यावरून येत होतं. ते काकांच्या समोरून जाणार होतं, पण लांबून. हात पोचणार नाही इतक्या लांबून.

"वसू, ढील दे!"

काकूंनी मला आणखी घट्ट आवळलं. "नाही!"

"वसू!"

"नाही म्हणते ना! तुम्हाला पोहता येत नाही आता!"

"पोहायचंय कुठे? वाहायचंय! सोड, वसू!"

मित्रांनो, मी काकूंच्या तळहातात होतो. या बाईने सगळ्या आजारपणात या माणसाचा हात एका क्षणासाठीही सोडला नव्हता. त्याच्या गोळ्या, त्याचे व्यायाम, त्याचा प्रत्येक घास. आणि आता त्याला सोडायचं होतं, तेही स्वतःच्या हाताने, ज्या पाण्याची तिला आयुष्यभर भीती वाटली त्याच पाण्यात, आणि तेही अशा एका बाईसाठी जिचं नावही ठाऊक नव्हतं.

काकूंनी ढील दिली.

मी त्यांच्या हातांतून सुटलो, असा की त्यांची कातडी सोलवटली. काकांनी पायरी सोडली. नदीने त्यांना उचललं. उजव्या हाताचे दोन फटके, बस, एवढंच. बाकीचं काम प्रवाहाने केलं आणि वाईच्या डोहात शिकलेल्या त्या अंगाने केलं. बाई समोर आली. काकांचा उजवा हात तिच्या झोळीच्या पट्ट्यात अडकला.

"धर आता!" काकांचा आवाज आला.

काकूंनी रक्ताळल्या हातांनी मला आवळलं. ऋतिका मोबाइल टाकून धावली आणि मागून धरलं. खांबाभोवतीचे वेढे करकचले. एका टोकाला दोन माणसं, दुसऱ्या टोकाला दोन, आणि मधे मी. थेट समुद्रात असायचो तसा! अंगातून वीज गेल्यासारखं झालं. आणि नेमकं तेव्हाच, त्या झिजलेल्या जागी, माझा एक पदर तट्‌कन तुटला.

ऋतिकाने ते पाहिलं. "आजी, दोर तुटतोय!"

"बघू नकोस! ओढ!"

उरलेल्या दोन पदरांत सगळं ओझं आलं. ते ताणून दगडासारखे झाले. कारखान्यातला पीळ आठवला, वादळातल्या रात्री आठवल्या. मी मनात एकच म्हणत होतो, नाही सोडणार, नाही सोडणार. आणि पायऱ्यांवरून धप्‌धप्‌ पावलं आली. पास्कल होता. त्याने मला तुटलेल्या जागेच्या पुढे, पाण्याच्या बाजूने पकडलं आणि नांगर ओढायचा तशी कंबर मोडून ओढायला लागला. "येऊ दे! येऊ दे! आला, काकी, आला!"

दोघं पायरीला लागले. पास्कलने आधी बाईला वर घेतलं, मग काकांना. बाई खोकली, पोटातलं पाणी बाहेर पडलं. तिने डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला तो असा,

"भाऊ, मी मैया ओलांडली तर नाही ना?"

परिक्रमेत नर्मदा ओलांडायची नसते. ओलांडली तर सगळी वाटचाल फुकट. बाई मरता मरता वाचली होती आणि तिला काळजी होती ती त्याची!

काकांना धाप लागली होती. तरी ते हसत सुटले. "नाही, ताई. ज्या काठावरून पडलात त्याच काठावर आहात."

"नर्मदे हर!" बाई म्हणाली आणि तिने दोन्ही हात जोडले.

"नर्मदे हर!" ऋतिका रडत रडत ओरडली. आणि मग पास्कलही ओरडला. त्याचा आवाज सगळ्यात मोठा.

काकू काकांपाशी बसल्या. त्यांनी पदराने काकांचं तोंड पुसलं, मग खांद्यावर एक चापटी मारली. मग म्हणाल्या, "दोनच फटके मारलेत. डावा पाय अजिबात हलवला नाहीत. उद्यापासून व्यायाम दुप्पट." आणि काकांच्या छातीवर डोकं टेकून हमसाहमशी रडल्या.

बाई जळगावकडच्या रावेरच्या होत्या. त्यांच्या सोबतचे लोक पुढे गेले होते, ते आरडाओरडा ऐकून परत आले. देवळाच्या ओट्यावर चहा झाला. ऋतिकाने आजीच्या तळहातांना हळद लावली. पास्कल मात्र मला मांडीवर घेऊन बसला होता. तो तुटक्या पदरावरून पुन्हा पुन्हा अंगठा फिरवत होता. "मी बघाया पायजे होता," एवढंच म्हणाला. मग त्याने सुरी काढली आणि झिजलेली जागा कापून टाकली. माझे दोन भाग झाले, एक लांब आणि एक आखूड. दुखलं का विचाराल, तर हो. पण किडका भाग गेल्यावर येतं तसं हलकंही वाटलं.

आखूड तुकडा तो फेकून देणार होता. तेवढ्यात रावेरच्या बाई म्हणाल्या, "टाकू नको, दादा. मला दे." झोळीचा पट्टा पाण्यात उसवला होता आणि त्यांची वळकटी बांधायला काही उरलं नव्हतं. पास्कलने स्वतःच्या हाताने ती वळकटी बांधून दिली. फास न बसणारी गाठ मारली. बाईंनी ती पाठीवर घेतली, काठी उचलली आणि न थांबता काठाकाठाने चालू लागल्या.

मित्रांनो, माझा लांब तुकडा आता फुलपाड्याला असतो, काकूंच्या गॅलरीत, सावलीत. प्रत्येक फेरीनंतर मला नळाच्या पाण्याने धुतात. निघायच्या आधी ऋतिका डोळे मिटून माझ्यावरून बोटं फिरवते, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पास्कलने टपावरच्या पट्टीला जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळलं आहे. तुमच्याही माळ्यावर, गाडीच्या डिकीत, विहिरीच्या काठाला माझ्यासारखा कोणी पडलेला असेल. त्याला उन्हातून आत घ्या. त्याचा चिखल धुवा. एकदा तरी बोटं फिरवून बघा आणि बोट जिथे अडखळेल तिथे थांबा. त्याच्यावर कधी कोणाचा जीव टांगला जाईल ते तुम्हाला आधी कळणार नाही आणि त्याला सांगता येणार नाही.

आणि माझा आखूड तुकडा? तो चालतोय! मी इथे गॅलरीत आहे आणि तिकडे नर्मदेच्या काठाने, कधी वाळूतून, कधी जंगलातून, एका म्हाताऱ्या पाठीवर बसून मी परिक्रमा करतोय. नदीच्या मुखापाशी, समुद्रापर्यंत पोचला असेल का एव्हाना? माहीत नाही. तुम्ही कधी त्या बाजूला गेलात आणि वळकटीला बांधलेला हिरवट दोर दिसला, तर जवळ जाऊन "नर्मदे हर" म्हणा. जरा मोठ्याने म्हणा. तो पाचूबंदरचा आहे, त्याला हळू बोललेलं ऐकू येत नाही.